वाटणी न झालेलं दुकान

गोव्यात दुकान दोन पिढ्यांच्या पुढे अखंड जाणं कठीण, आणि त्याला नुसती भावाभावांची भांडणं कारणीभूत नाहीत, कायदाही आहे. पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले पण त्यांचा दिवाणी कायदा राहिला. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, आणि माणूस गेला की त्याच्या वाट्यातला निम्मा भाग मुलांचाच, मग मृत्युपत्रात काहीही लिहून ठेवा, मुलगा असो की मुलगी, कुणाला डावलता येत नाही. मला हा कायदा मनापासून आवडतो. आमच्या घरातल्या बायकांना माहेरचा हिस्सा मागताना कुणाच्या पाया पडावं लागलं नाही ते याच्यामुळे. पण इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, लागली की सगळ्याची मोजदाद होते, घर, भाट म्हणजे माडांची बाग, दुकानाची जागा, आतला माल, सगळं. डिचोलीच्या बाजारातलं आमचं किराणा दुकान असंच वाटलं गेलं, आबांनी सुरू केलेलं, मग बाबा आणि दोन्ही काका मिळून चालवायचे, आणि नंतर जे झालं ते गोव्यातल्या शेकडो घरांत झालंय त्यामुळे लांबवत नाही. आज तिथे तीन शटरं आहेत आणि तिन्हीत भाडेकरू आहेत.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे की काही घराण्यांचा धंदा चार चार पिढ्या एका हातात राहतो तो कसा काय? नशीब, शिस्त, पैसा, हे सगळं असेलच, पण नेमकं काय करतात ती माणसं? म्हणून मी कॅनडा आणि ब्रिटनमधल्या वेस्टन या व्यापारी घराण्याच्या मागे लागले. नाव आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं पण त्यांचा माल आपल्यापर्यंत पोचलेला असतो. ट्वायनिंग्जचा चहा त्यांचा, ओव्हल्टिन त्यांचं, परदेशातल्या आपल्या लोकांच्या फ्रीजमधली पटाक्सची लोणची त्यांची, आणि सुट्टीला गावी आलेल्यांच्या बॅगेतून निघणारे प्रायमार्कचे टी-शर्ट तेही त्यांचेच. पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला गेलेलं कुणीतरी आता गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाड्यावर आहे, त्यातली कितीतरी माणसं स्विंडनमध्ये. माझा चुलतभाऊही तिथेच आहे. त्याच्या स्वयंपाकघरातला किंग्जमिल ब्रेड, चहाचं पाकीट, पोरांचे कपडे, हे सगळं एकाच घराण्याच्या खिशात जातं हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला खरंच वाटेना. कॅनडात गेलात तर आणखी मोठा पसारा, लोब्लॉची सुपरमार्केटं, नो फ्रिल्स, शॉपर्स ड्रग मार्टची औषधांची दुकानं, तीही वेस्टनांचीच, फक्त दुसऱ्या पातीची.

सुरुवात पावापासून आहे, आणि मला या गोष्टीत ओढलं ते त्यानेच. जॉर्ज वेस्टन हा टोरोंटोतला पोरगा, बारा वर्षांचा असताना एका बेकरीत उमेदवारीला लागला. १८८२ मध्ये त्याने मालकाकडून पावाची एक लाइन विकत घेतली. लाइन म्हणजे ठरलेली गिऱ्हाइकं, रोज गाडी घेऊन त्यांच्या दारात जायचं आणि पाव द्यायचा. म्हणजे हा माणूस पदेर, पाववाला, होता हो, अगदी आपल्या गोव्यातल्यासारखा दारोदार जाणारा पदेर! १८९७ मध्ये त्याने मॉडेल बेकरी नावाचा कारखाना उभा केला. पुढे १९११ मध्ये त्याने आपला पावाचा धंदा कॅनडा ब्रेड नावाच्या नव्या कंपनीत घातला आणि दहा वर्षं पाव करणार नाही असं कबूल करून बिस्किटांकडे वळला, आणि मुदत संपल्यावर परत पावाकडे आला. कॅनडा ब्रेड हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याचा मुलगा गारफिल्ड १८९८ मध्ये जन्मला तो बेकरीच्या वरच्या मजल्यावर. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला आणि इंग्लंडमधले बिस्किटांचे कारखाने बघून आला. परत आल्यावर बापाच्या मागे लागून त्याने इंग्लंडहून यंत्रं मागवली. १९२४ मध्ये जॉर्ज गेला आणि सगळं या सव्वीस वर्षांच्या पोराच्या हातात आलं. मग मंदी आली. कॅनडात गव्हाला भाव नाही, शेतकरी रडकुंडीला आलेला, आणि तिकडे ब्रिटनमध्ये जुन्या बेकऱ्या एकामागून एक विकायला निघालेल्या. गारफिल्डने दोन्ही टोकं जुळवली. ब्रिटनमधल्या बेकऱ्या घ्यायच्या आणि त्यांना कॅनडाचा गहू लावायचा. आधी स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनची एक बिस्किट कंपनी घेतली, मग बायकापोरांसकट इंग्लंडला बिऱ्हाड हलवलं आणि १९३५ मध्ये अलाइड बेकरीज उभी केली. तीच कंपनी १९६० पासून असोसिएटेड ब्रिटिश फूड्स म्हणून ओळखली जाते. माणूस थांबणारा नव्हता. १९३९ ते १९४५ मॅकल्सफील्डचा खासदार होता, आणि १९४० च्या हवाई लढाईत ब्रिटनची सोळा विमानं पडल्याचं कळलं तेव्हा ती भरून काढायला त्याने एक लाख पौंडांचा चेक दिला. कॅनडाकडे पाठ फिरवली असंही नाही, १९४७ पासून लोब्लॉचे शेअर घ्यायला लागला आणि काही वर्षांत ती दुकानांची साखळी त्याच्या ताब्यात आली. लंडनचं फोर्टनम अँड मेसनही १९५१ मध्ये घेतलं. पाव, बिस्किटं, गिरण्या, दुकानं, म्हणजे पिठापासून काउंटरपर्यंत सगळं एका घरात.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. या माणसाला नऊ मुलं होती. नऊ! आमच्या घरात तिघांत झालं नाही ते नऊ जणांत कसं निभावलं असेल? गारफिल्डने दोन गोष्टी केल्या. एक, धंदा देशांवर वाटला, ब्रिटनकडचा कारभार गॅरी या मुलाकडे आणि कॅनडाचा धाकट्या गॅलनकडे, म्हणजे दोन भाऊ एका गल्ल्यावर बसणारच नाहीत. पण खरी मेख दुसरी आहे. १९५८ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचं धर्मादाय फाउंडेशन काढलं, आणि आज ब्रिटनच्या बाजूला मालकीची रचना अशी आहे की असोसिएटेड ब्रिटिश फूड्सचा निम्म्याहून जास्त हिस्सा विटिंग्टन इन्व्हेस्टमेंट्स या खासगी कंपनीकडे, आणि त्या विटिंग्टनचा ७९.२ टक्के हिस्सा त्या फाउंडेशनकडे. उरलेला घरच्यांकडे. फाउंडेशनचे विश्वस्तही वेस्टन घराण्यातलेच. म्हणजे बहुतांश मालमत्ता कुणा एका मुलाची नाहीच, त्यामुळे ती वारसांत कापून वाटता येत नाही, बाहेरच्या कुणाला बाजारातून शेअर गोळा करून कंपनी बळकावता येत नाही, आणि त्यावर मिळणारा डिव्हिडंड दरवर्षी शाळा, दवाखाने, म्युझियमं, छोट्या संस्था यांना देणगी म्हणून जातो. मी हे समजून घेतलं तेव्हा बराच वेळ आमच्या आबांचाच विचार करत होते. त्यांनी जन्मभर दुकान वाढवलं, पण ते कुणाच्या नावावर असावं हा विचार त्यांच्या पिढीने केलाच नाही, कारण घर एक आहे तोवर दुकान एक आहे असं ते धरून चालले.

या रचनेचा फायदा किती खोल आहे ते गॅरीच्या कारकिर्दीत दिसतं. १९६७ ते २०००, तेहेतीस वर्षं तो अध्यक्ष होता आणि काटकसरीसाठी प्रसिद्ध होता. १९८६ मध्ये त्याने फाइन फेअर ही सुपरमार्केटची साखळी विकून टाकली, आणि त्या पैशावर वर्षानुवर्षं बसून राहिला. बाजारातल्या लोकांना असा थांबलेला पैसा बघवत नाही, पण त्याला कोण काढणार होतं? १९९१ मध्ये ब्रिटिश शुगर विकायला आली तेव्हा त्याने ती घेतली, आणि साखरेने कंपनीला पुढची कितीतरी वर्षं पोसलं. प्रायमार्कचंही तसंच. १९६९ मध्ये डब्लिनच्या मेरी स्ट्रीटवर पेनीज नावाने पहिलं दुकान निघालं, आर्थर रायन या माणसाने ते चालवलं. आयर्लंडच्या बाहेर ते नाव वापरता येईना कारण अमेरिकेतल्या जे. सी. पेनीचा त्यावर हक्क, म्हणून प्रायमार्क. स्वस्त कपडे, जाहिरात जवळजवळ नाही, आणि २०२२ पर्यंत ऑनलाइन विक्री नाही म्हणजे नाही. २०२० मध्ये कोरोनाने सगळी दुकानं बंद झाली तेव्हा महिन्याला ६५ कोटी पौंडांची विक्री शून्यावर आली, एकदम शून्यावर, आणि तरीही कंपनी उभी राहिली कारण बाजूला साखर होती, चहा होता, पाव होता, कर्ज फार नव्हतं. घरच्या मालकीची ताकद म्हणतात ती ही, आणि ती मी मनापासून मानते. तिमाहीचे आकडे दाखवायला धावणाऱ्या कंपनीला इतकं थांबता येत नाही.

कॅनडाकडचा धाकटा गॅलन वेगळ्या स्वभावाचा. त्याने तरुणपणी आयर्लंडला जाऊन स्वतःची किराण्याची दुकानं काढली होती. १९८३ मध्ये तिथल्याच त्याच्या घरातून त्याला पळवून न्यायचा आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा कट होता, पोलीस आधीच दबा धरून बसले होते आणि गॅलन तेव्हा इंग्लंडमध्ये पोलो खेळत होता. लोक हाच किस्सा सांगत बसतात, पण मला त्याचं खरं काम वाटतं ते लोब्लॉ वाचवणं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती कंपनी बुडायच्या बेतात होती. त्याने तोट्यातली दुकानं बंद केली, उरलेली नवी केली, आणि १९७८ मध्ये नो नेम नावाचा माल आणला, पिवळं पाकीट, वर काळ्या अक्षरात फक्त आत काय आहे ते, ब्रँडचा खर्च नाही म्हणून स्वस्त. मग १९८४ मध्ये प्रेसिडेंट्स चॉइस, तेही घरचंच पण चवीला वरचढ. दुकानदाराने स्वतःच्या नावाचा माल विकणं आज आपल्या मॉलमध्येही सर्रास दिसतं, पण ते इतकं नीट करून दाखवणाऱ्या पहिल्या काहींमध्ये हे लोक आहेत. बाबा सुटी डाळ निवडून पुड्या बांधायचे आणि वर दुकानाचा शिक्का मारायचे, त्या शिक्क्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास असायचा. विश्वासाचा धंदा म्हणजे काय हे मला त्या पुड्यांमुळे कळतं, म्हणूनच पुढचं लिहिताना मला राग येतो.

२४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या बायका. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या बँकेतल्या लोकांना घरी पाठवलं आणि वरच्या कारखान्यांतल्या बायकांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. त्या इमारतीतल्या एका कारखान्यात प्रायमार्कचे कपडे व्हायचे आणि दुसऱ्यात लोब्लॉच्या जो फ्रेश या ब्रँडचे. हे मला बराच काळ माहीत नव्हतं. एका बापाने दोन भावांत दोन खंड वाटून दिले, दोन्ही पाती वेगळ्या झाल्या, एकमेकांच्या धंद्यात हात नाही, आणि त्या दोघी एकाच पडक्या इमारतीत येऊन भेटल्या. दोघांनीही जबाबदारी घेतली हे सांगायलाच हवं, प्रायमार्कने तर बाकीचे ब्रँड तोंड लपवत असताना भरपाई सुरू केली आणि एकूण सुमारे १.४ कोटी डॉलर दिले. पण मेलेल्या बायकांच्या बाबतीत भरपाई चांगली की वाईट यावर मी बोलू शकत नाही. मी एवढंच म्हणते की वाटणी टाळायला मालकी जितकी वर वर नेली, फाउंडेशन, त्याखाली विटिंग्टन, त्याखाली कंपनी, त्याखाली ब्रँड, त्याखाली पुरवठादार, तितका मालक आणि शिवणयंत्रावरची बाई यांच्यात मजल्यावर मजला वाढत गेला. दुकान न फुटण्याची ही किंमत आहे आणि ती घराणं भरत नाही.

आणि पावाचं तर मी विसरूच शकत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये लोब्लॉ आणि जॉर्ज वेस्टन या दोन्ही कंपन्यांनी जाहीर कबुली दिली की २००१ ते २०१५, चौदा-एक वर्षं, कॅनडात पाकीटबंद पावाचे दर ठरवून वाढवण्याच्या संगनमतात त्या सामील होत्या. स्वतः जाऊन सांगितलं म्हणून त्यांना खटल्यापासून माफी मिळाली. गिऱ्हाइकांना २५ डॉलरचं कार्ड दिलं, आणि २०२४ मध्ये लोकांनी लावलेल्या सामूहिक दाव्यांत मिळून ५० कोटी कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. त्याच प्रकरणात २०२३ मध्ये कॅनडा ब्रेडने गुन्हा कबूल केला आणि तिला ५ कोटी डॉलर दंड झाला. हीच ती कॅनडा ब्रेड, जिच्यात जॉर्जने १९११ मध्ये आपला पाव घातला होता. मालक मधे कितीतरी बदलले, पण नाव तेच.

गोव्यात राहणाऱ्या माणसाला यातलं काय बोचतं ते दुसऱ्या कुणाला चटकन कळणार नाही. आमच्याकडे पाव एक रुपयाने वाढायचा म्हटलं तरी पेपरात बातमी येते, बेकरीवाल्यांची संघटना पीठ, लाकूड, मजुरी यांचा हिशोब मांडते, सरकारला उत्तर द्यावं लागतं, आणि पाव लहान झाला तर बायका सकाळी पदेराला दारातच थांबवून विचारतात, आरे पदेरा, हो पाव कित्याक इतलो ल्हान? त्याला उत्तर द्यावं लागतं. उंडे, काट्रे पाव, पोयी, काकणं, हे करणारा माणूस उद्या परत त्याच दारात येणार असतो. जॉर्जही असाच उद्या परत येणारा माणूस होता, त्याने विकत घेतली होती ती दारंच. त्याच्या नावाच्या कंपनीने चौदा वर्षं पावावर लोकांकडून जास्त पैसे घेतले, आणि पाव ही गोष्ट गरीब माणूस सगळ्यात जास्त खातो. हे मला कुठल्याही दानधर्माने भरून निघालेलं वाटत नाही.

आमच्या पदेरांचं सगळं छान चाललंय असं मात्र समजू नका. भट्टी पेटवायची तर रात्र जागायची, लाकूड महाग, माडावर चढून सूर म्हणजे माडी काढणारे रेंदेर उरले नाहीत त्यामुळे सुरेने फुगवलेलं पीठ आता क्वचितच, सगळीकडे यीस्ट. यीस्टवरून आठवलं, २००४ मध्ये असोसिएटेड ब्रिटिश फूड्सने ऑस्ट्रेलियातल्या बर्न्स फिल्पचा यीस्टचा धंदा घेतला, तो एबी मौरी या नावाने जगभर चालतो आणि भारतातल्या बेकऱ्यांनाही माल पुरवतो. पदेरांची मुलं बोटीवर, दुबईला, नाहीतर माझ्या चुलतभावासारखी स्विंडनला. कितीतरी भट्ट्या भाड्याने दिलेल्या आहेत, राबणारी माणसं बाहेरून आलेली, नाव मात्र जुन्या घराचं. म्हणजे आमच्याकडे भट्टी राहिली आणि घराणं निघून गेलं, वेस्टनांकडे घराणं राहिलं. पावाचं काय झालं म्हणाल तर २०२१ मध्ये जॉर्ज वेस्टन कंपनीने आपल्या बेकऱ्याच विकायला काढल्या. ताज्या आणि फ्रोझन पावाचा धंदा १.२ अब्ज कॅनेडियन डॉलरना एफजीएफ ब्रँड्सने घेतला, ही टोरोंटोचीच कंपनी, भारतीय मुळं असलेल्या एका कुटुंबाची, नान विकून मोठी झालेली. पाववाल्याच्या नावाच्या कंपनीकडे उरली ती दुकानं आणि जागा. हिशोबाने ते बरोबरच असेल, बेकरीत नफा कमी आणि कटकट जास्त, पण मला ती बातमी वाचून घरातलं माणूस गेल्यासारखं वाईट वाटलं.

ब्रिटनच्या पातीने अजून पाव सोडलेला नाही. किंग्जमिल तोट्यात आहे, लोक पांढरा ब्रेड कमी खातात, तरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी होविस ही जुनी प्रतिस्पर्धी कंपनी घ्यायचा करार केला, दोघांना एकत्र करून खर्च भागवायचा या बेताने. आणि लगेच नोव्हेंबरात जाहीर झालं की प्रायमार्क आणि खाण्याचा धंदा या दोन वेगळ्या कंपन्या कराव्यात का याचा विचार चालू आहे. गॅरीचा मुलगा जॉर्ज, पणजोबांचंच नाव, २००५ पासून तिथला प्रमुख आहे. वेगळं केलं तरी दोन्हीकडे बहुमत विटिंग्टनचंच राहील असा त्यांचा इरादा आहे, म्हणजे कागदावर वाटणी आणि मालकीत नाही. माझं मत विचाराल तर कपड्यांशिवाय तो पाव किती वर्षं तग धरेल याची मला शंका आहे, कारण आजवर स्वस्त टी-शर्टांचा नफा त्या तोट्याला पाठीशी घालत होता, आणि दोन वेगळे ताळेबंद झाले की खाण्याच्या बाजूच्या बैठकीत पहिला प्रश्न किंग्जमिलवरच येणार. त्यांनी तो विकू नये असं मला फार वाटतं.